बाहीचं माप

आभार नेमके कोणाचे मानायचे, यावरून आमच्या घरात अजून एकमत नाही. रुपालीचे बाबा म्हणतात, एसीचे मान; वैशाखात यवतमाळला माणसं थंड डोक्याने बोलली ती एसीच्या कृपेने. रुपाली म्हणते, कोणाचेच नको मानू, आपण काय मागायला गेलो होतो का? मी मात्र त्या डिजिटल चित्रांच्या म्युझियमचे मानते आणि तिथे भेटलेल्या एका बाईचे. ऐकणारे हसतात. हसोत बापडे.

मी प्रभावती. पुसदला ब्लाऊज शिवते. माझ्या हातचं ब्लाऊज एकदा घातलेली बाई दुसरीकडे जात नाही, असं बायाच म्हणतात, मी फक्त नाही म्हणत नाही. रुपाली माझी एकुलती एक. फार्मसी शिकलेली, मेडिकलच्या दुकानात काम करते, आणि माझ्यासारखीच तोंडाने फटकळ. तिच्या दोन्ही हातांवर पांढरे डाग आहेत. कॉलेजात असताना डाव्या मनगटावर रुपयाएवढा एक आला, मग कोपरापर्यंत पसरत गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हे दुखत नाही, कोणाला लागत नाही, फक्त उन्हाला जपा. मी ऐकलं. पण लोक डॉक्टरांचं ऐकत नाहीत, लोक लोकांचं ऐकतात. म्हणून तेव्हापासून मी तिला लांब बाहीचं शिवते. मनगटाला हूक, आणि पुढे पानासारखं टोक काढलेलं, हाताच्या पाठीवर बरोबर येईल असं. गिऱ्हाइकं विचारतात, ही फॅशन कुठली? मी सांगते, आमच्या घरची.

तिला पाहायला दोन स्थळं येऊन चहा पिऊन गेली होती. "कळवतो" म्हणाले. काय कळवायचं ते त्यांच्या चपला घालण्यावरूनच कळलं होतं.

तिसरं स्थळ पांढरकवड्याचं. मुलगा राजदीप, आयटीआयमध्ये शिकवतो. वडील नाहीत, आई कौसल्याबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. मुलाचे मामा नानाजी एसटीत रुपालीच्या बाबांबरोबर नोकरीला होते, त्यांनीच हे जुळवायला घेतलं. नानाजींना डागांचं माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर रुपाली कधी आली तर माझ्या बाहीतच आली.

"मी फोनवर सांगून टाकतो त्याहीले," रुपाली म्हणाली. चिडली की ती अशी अस्सल आमच्याकडची बोलते.

"आधी भेट तं होऊ दे. माणूस पाहू दे त्याहीले. मंग सांग."

"मंग म्हणजे कधी?"

"उठता उठता. दोन गोष्टी होऊन जातीन, खाणंपिणं होऊन जाईन, तवा."

"मंजूर," ती म्हणाली. "पण सांगीन मीच. अन् न सांगता त्याहीले घरी जाऊ देणार नाही. तू मधात पडायचं नाही."

मी मान डोलावली. मान डोलावायला काय लागतं?

आता प्रश्न जागेचा. आमच्या घरात ट्यूबलाइट आहे, आणि ट्यूबलाइटचा उजेड फार चोंबडा असतो. तेवढ्यात शेजारच्या संगीताने यवतमाळच्या त्या म्युझियमचे फोटो दाखवले. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये नवीनच सुरू झालेलं. भिंतीवर, जमिनीवर, छतावर, सगळीकडे प्रोजेक्टरने हलती चित्रं सोडतात आणि आपण त्या चित्रांच्या आतून चालायचं. फोटोंत संगीता कुठली आणि तिचा नवरा कुठला ते ओळखू येत नव्हतं, इतका अंधार. मला वाटलं, ही जागा कोणीतरी माझ्यासाठीच बांधली आहे.

मी नानाजींना फोन लावला. म्हटलं, बुद्धपौर्णिमेची सुटी आहेच, पुसद आणि पांढरकवडा दोन्हीकडून यवतमाळ मधे पडतं, घरी पोह्यांच्या बश्या मांडून पोरीला बसवण्यापेक्षा पोरं चित्रं पाहतील, बोलतील. नानाजी खूश झाले. "वहिनी, तुमी लय पुढच्या विचाराच्या हा!" म्हणाले. रुपालीच्या बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते कमी बोलतात, पण त्यांचं पाहणं महागात पडतं.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली आणि आम्ही तसेच गाडीत बसलो. दिग्रस, दारव्हा करत यवतमाळ गाठलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पौर्णिमा म्हणून आम्ही पांढऱ्यात होतो; मी आणि रुपाली पांढऱ्या साड्यांत, बाबा पांढऱ्या सदऱ्यात. म्युझियमच्या दाराशी पांढरकवड्याची मंडळी उभी होती, तीही त्यांच्या विहारातून थेट आलेली, नखशिखांत पांढरी. एका वेळी इतकी पांढरी माणसं पाहून रस्त्यावरचे लोक वळून बघत होते.

"जय भीम" झालं. मी मुलाकडे नंतर पाहिलं, आधी त्याच्या आईकडे. सवयच आहे, बाई दिसली की तिचं ब्लाऊज पाहायचं. कौसल्याबाईंची बाही कोपराच्या वर होती, आणि खाली उजव्या हातावर भाजल्याचा लांब जुना व्रण, करपलेल्या पोळीच्या रंगाचा. वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या मोठ्या गंजातलं आधण कधीतरी अंगावर आलं असावं. त्यांनी तो झाकला नव्हता. त्याच हाताने त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा पुढे केला.

"विहारातली खीर हाय. आधी चित्रं पाहू, मंग सोबत बसून खाऊ."

खाण्याचं आत नेता येत नव्हतं. दारावर उर्वशी नावाची चुणचुणीत मुलगी होती, तिने डबा बाकावर ठेवून घेतला. मग आमच्याकडे वरून खालपर्यंत पाहत म्हणाली, "काकू, तुमी तं बरोबर तयारीनं आले! आमी लोकाईले सांगून सांगून थकलो, पांढरं घालून या म्हणून. पांढऱ्यावरच खरं चित्र उमटते. आज आत सगळ्यात जास्त तुमीच चमकसान."

मी माझ्या पांढऱ्या पदराकडे पाहिलं. लपायला शोधून शोधून जागा काढली आणि अंगावर पडदा नेसून आले!

पहिल्या दालनात पाणी होतं. म्हणजे उजेडाचं पाणी, पायाखालून वाहणारं, त्यात मासे. रंगीत कपड्यांतली माणसं खरंच अंधारात बुडाली होती. आम्ही सहा जण मात्र कंदिलासारखे पेटलो. माझ्या निऱ्यांतून एक नारिंगी मासा वर चढला आणि पदरावरून खांद्याकडे गेला. नानाजींच्या धोतरावर तर अख्खं तळं भरलं होतं. "बळीराम, पाय बे, माह्यात शिंगाडे लागले!" ते रुपालीच्या बाबांना ओरडून म्हणाले. अनोळखी पोरी येऊन विचारायला लागल्या, काका, तुमच्यासोबत एक फोटो काढू का? नानाजी नाही म्हणणारे नव्हते.

मी रुपालीच्या डाव्या बाजूला चिकटून चालत होते. राजदीप तिच्या उजवीकडे. सावळा, किडकिडीत, चालताना थोडा वाकणारा मुलगा. ती काहीतरी बोलली आणि तो हसला. मग तो काहीतरी बोलला आणि ती हसली. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसांचं हसणं असं नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष हुकांकडे.

दुसऱ्या दालनात फुलं होती, पळसाची, बहाव्याची. माणूस स्थिर उभं राहिलं की त्याच्या अंगावर फुलं गोळा होत, हललं की गळून पडत. कौसल्याबाई बराच वेळ हलल्या नाहीत. त्यांच्या गालावर, गळ्यावर, हातावर लाल-पिवळे ठिपके. माझ्यावर तेच. नानाजींच्या टकलावर पळस फुललेला. एकाच्याही अंगाचा रंग धड एक नव्हता. मला थोडा धीर आला. म्हटलं, चला, बेत अगदीच फसला नाही.

"लय सुंदर हाय वं बाई," कौसल्याबाई मला म्हणाल्या. "मी सुटीच्या दिवशी कुठं जातच नाही. तुमच्या डोक्यातून निघालं म्हणून हे पाहाले भेटलं." त्यांनी माझा हात दाबला. मला त्यांच्याकडे पाहवेना.

तिसरं दालन शेवटचं. तिथे भिंत नुसती मातीच्या रंगाची होती. उर्वशी आमच्यामागून आली आणि तिने सांगितलं, भिंतीला उघडा तळहात लावून धरा, लावाल तिथून कपाशीचं झाड उगवेल. राजदीपने हात लावला, त्याच्या बोटांतून हिरवी फांदी निघाली. कौसल्याबाईंच्या हातातून निघाली. रुपालीने लावला तर काहीच होईना. बाहीचं टोक तिच्या पंज्यावर आलं होतं आणि भिंतीला तिचा हातच ओळखू येत नव्हता.

"ताई, बाही मांगं घ्या," उर्वशी म्हणाली. "कापड मधात आलं का त्याले हात समजत नाही."

रुपालीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. तिने शांतपणे डाव्या मनगटाचा हूक काढला, मग उजव्या. मी घातलेले हूक, मीच काज केलेले. दोन्ही बाह्या तिने कोपराच्या वर सारल्या आणि दोन्ही हात भिंतीला लावले.

काय झाड उगवलं! दोन्ही हातांतून फांद्या निघाल्या आणि डोक्याच्या वर जाऊन एकमेकींत शिरल्या. पानं आली, पिवळी फुलं आली, ती गुलाबी झाली, बोंडं धरली. तिच्या हातांवर पानांच्या सावल्या हलत होत्या, आणि त्या सावल्यांत डाग कुठला आणि उजेड कुठला हे मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात बोंडं फुटली. सगळी एकदम. भिंतीवर, छतावर, पायाखाली कापूसच कापूस झाला आणि त्याचा पांढरा उजेड इतका वाढला की दालनात दुपार झाली. जिनिंगच्या शेडमध्ये चित्र कशाने संपवतील, याचा विचार मी केलाच नव्हता. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते, आणि रुपालीचे हातही.

तिने ते खाली घेतले नाहीत. मीच झेप घेतली. पदर ओढला आणि तिच्या दोन्ही हातांवर टाकला, तव्यावरच्या भाकरीवर फडकं टाकावं तसा. पदराचा काठ कौसल्याबाईंच्या तोंडाला लागला. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"आई," रुपाली म्हणाली, "सोड."

मी सोडला.

"काकू," ती कौसल्याबाईंकडे वळली, "हे कोड आहे. बरेच वर्षं झाले. कोणाले लागत नाही. मी आज निघायच्या आधी तुमाले सांगणारच होती."

कौसल्याबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. बोलले नानाजी. कोणी काही न ठरवता आम्ही सगळे बाहेरच्या पडवीत आलो आणि तिथे त्यांनी तोंड सोडलं. "बळीराम, माह्या बहिणीले मी शब्द देल्ला! मले काहून नाही सांगितलं? अन् वहिनी, तुमी आमाले इथं अंधारात कायले आणलं ते आता समजलं मले!"

रुपालीच्या बाबांनी मान खाली घातली.

"मामा," राजदीप म्हणाला, "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"हातावरचं. आमी दोघं फोनवर बोलत होतो, रुपालीनं पयल्याच फोनमधी सांगितलं मले. तिच्या आईले वाईट वाटंल म्हणून ती घरी मात्र बोलली नाही."

मी रुपालीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. म्हणजे माझा सगळा खटाटोप, हूक, टोकं, अंधार शोधणं, ज्याच्यासाठी केला त्याला सगळं ठाऊकच होतं.

पण कौसल्याबाईंना नव्हतं. त्यांचा चेहरा आता उतरला. "तुले माहीत होतं, अन् मले नाही?" त्या मुलाला म्हणाल्या. "इकडं हिच्या मायनं लपवलं, तिकडं तू लपवलं. मी काय परकी हाय?"

"तसं नाही आई. ऐकून माणूस मनात भलतंच काढते. मले वाटलं तू तिले पाहावं, तिच्याशी बोलावं, मंग मी सांगीन. तू नाही म्हटलं असतं तं..." तो आईशिवाय लग्न करणारा मुलगा नव्हता, आणि हे आम्हा सगळ्यांना त्याच्या तोंडावर दिसत होतं.

कौसल्याबाईंनी पदराने कपाळ पुसलं. मग रुपालीला म्हणाल्या, "चाल वं माय. आपण दोघीच एक चक्कर मारून येऊ. पयल्या वक्ती मी चित्रंच पायली." आणि तिचा हात धरून परत आत गेल्या. उर्वशीने त्यांना काही न विचारता दार उघडून दिलं.

आम्ही बाकावर बसलो. मधे खिरीचा डबा. नानाजी एका टोकाला, राजदीप खांबाशी उभा. दाराच्या फटीतून थंड वारा पायांना लागत होता आणि समोर अंगणात ऊन पेटलं होतं. मला खूप राग आला होता. आधी उर्वशीचा आला, मग कापसाचा, मग रुपालीचा. मला न सांगता सगळं करून बसली!

"मी तिच्यासाठीच केलं नं?" मी रुपालीच्या बाबांना म्हटलं.

"हो," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण एक सांग. इतक्या वर्षात तिनं तुले एकदा तरी म्हटलं का, आई, लांब बाही शिव म्हणून?"

मी आठवून पाहिलं. कॉलेजचे कुर्ते, दुकानात जाताना घालायचे ब्लाऊज, सगळी मापं आठवली. तिने कधी म्हटलं नव्हतं. मी शिवायची आणि ती घालायची. माझ्यासाठी घालायची. मला बाकावर बसल्या बसल्या रडू आलं, आणि नानाजी इतके रागावलेले असूनही त्यांनी आपला रुमाल पुढे केला. त्या रुमालाबद्दल मी त्यांचीही ऋणी आहे.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं. आधी रुपाली बाहेर आली, बाह्या अजून वरच सारलेल्या. मागून कौसल्याबाई. दोघींचेही डोळे लाल होते. मला अर्थ लागेना, लाल डोळे होकाराचेही असतात आणि नकाराचेही.

"नाना," कौसल्याबाई भावाला म्हणाल्या, "डबा उघड. खीर नासंन नाही तं."

नानाजी बघतच राहिले. मग त्यांनी फडकं सोडलं, झाकण काढलं. वेलचीचा वास सुटला. राजदीप खांबाला टेकला होता तो तसाच खाली बसला. कौसल्याबाईंनी आधी रुपालीच्या तळहातावर खीर घातली आणि मग माझ्या.

"तुमचा राग आलता मले," त्या मला म्हणाल्या. "अजूनही हाय उलीसा. पण पदर टाकाले तुमी जशा धावल्या नं, तशी माही पोरगी असती तं मीही धावली असती." मग रुपालीची बाही चिमटीत धरून त्यांनी शिवण पाहिली, उलटून आतूनही पाहिली. "हे तुमीच शिवलं?"

"हो."

"हात लय चांगला हाय तुमचा. लग्नाचं ब्लाऊज तुमीच शिवजा. बाही मात्र आखूड ठेवजा."

मी जन्माची हट्टी. इतकं पदरात पडलं तरी तोंडातून निघालंच, "पण ताई, ऊन सोसत नाही तिच्या हाताले. जळते."

"सांगितलं तिनं मले आत. सगळंच सांगितलं." कौसल्याबाईंनी आपल्या व्रणाच्या हाताने माझा खिरीचा हात धरला. "उन्हासाठी लांब बाही शिवा, मी कुठं नाही म्हणते? लोकाईसाठी नोका शिवू बाई आता."

मी आयुष्यात खूप जणांचे आभार मानले आहेत, बहुतेक वेळा तोंडदेखले. त्या दिवशीचे तोंडाने मानले नाहीत. मी हात धुतले आणि पर्समधून टेप काढली. ती कायम माझ्याजवळ असते. म्युझियमच्या त्या पडवीत, सगळ्यांसमोर, माझ्या मुलीच्या खांद्यावर टेपचं टोक धरलं आणि खाली आणायला लागले. हात सवयीने मनगटाकडे निघाला.

रुपालीने कोपराच्या वर बोट ठेवलं. "इथं, आई," ती म्हणाली.

मी तिथे थांबले.